मेंढीचं शहाणपण आणि काचेचं गवत

अमेरिकेच्या पश्चिमेकडे, युटा, आयडाहो, ऑरेगन आणि कॅलिफोर्निया या राज्यांतल्या कोरड्या माळरानांवर उन्हाळा तोंडावर आला की जमिनीचा रंग बदलतो. हिवाळ्याच्या ओलीवर उगवलेली बरीचशी गवतं वाळून पिवळी पडतात. त्या पिवळ्या रानात एक गवत मात्र अजून हिरवं उभं असतं. भुकेला कळप त्याच्यावर तुटून पडेल असं कुणालाही वाटेल. पण मेंढ्या जवळ जातात, हुंगतात, एखादा घास घेतात आणि पुढे सरकतात. हिरवा चारा समोर असताना भुकेलं जनावर तोंड का वळवतं? या साध्या प्रश्नामागे काही शास्त्रज्ञ अनेक वर्षं लागले. जनावराच्या पोटाबद्दल, स्मरणाबद्दल आणि आईकडून लेकराकडे जाणाऱ्या ज्ञानाबद्दल त्यांना जे कळलं, ते वाचून मी थक्क झालो.

आधी या गवताची ओळख. त्याला तिकडे मेड्युसाहेड म्हणतात. मेड्युसा ही ग्रीक पुराणकथेतली बाई, तिच्या डोक्यावर केसांऐवजी वळवळणारे साप. या गवताची ओंबी वाळू लागली की तिची लांब कुसळं पिळवटून चारी बाजूंना वाकतात, आणि वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने या जातीला हे नाव का दिलं असेल ते पाहताक्षणी कळतं. आपल्याकडच्या माळावरची कुसळी ज्यांच्या धोतराला, साडीला किंवा मोज्याला चिकटली आहे, त्यांना कुसळाचा त्रास वेगळा सांगायला नको. मेंढीच्या लोकरीत आणि कातडीत कुसळी कशी शिरते, ते धनगर जाणतातच. मेड्युसाहेडच्या कुसळांवरही सूक्ष्म उलटे काटे असतात. ती जनावराच्या तोंडात, नाकात, डोळ्यांत रुततात.

हे गवत मूळचं भूमध्य समुद्राभोवतालच्या मुलखातलं. अमेरिकेत त्याची पहिली नोंद ऑरेगनमधल्या रोझबर्गजवळची, १८८७ सालची. तिथून ते पसरत गेलं आणि आज त्याने लाखो एकर रान व्यापलं आहे. परक्या झाडोऱ्याने आपलं रान गिळणं म्हणजे काय, हे महाराष्ट्राला माहीत आहे. १९५०च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा दिसलेलं गाजर गवत पुढे देशभर कसं फोफावलं ते आपण पाहिलं आहे. मेड्युसाहेड मात्र खरोखरच गवत आहे, गवतांच्याच रानात घुसलेलं. ते मूळच्या गवतांची जागा घेतं, आणि चरणारं जनावर त्याला सोडून बाकीचं खात राहिल्याने त्याला आणखी जागा करून देतं. ते दाट माजलं की रानाची जनावरं पोसण्याची ताकद ८० टक्क्यांपर्यंत घटू शकते.

जनावर त्याला का सोडतं याचं उत्तर पानाच्या आत दडलेलं आहे. सगळीच गवतं जमिनीतल्या पाण्याबरोबर विरघळलेली सिलिका मुळांवाटे वर ओढतात. वाळू आणि काच ज्या द्रव्याची बनते तेच हे द्रव्य. पाण्याची वाफ पानांतून उडून जाते आणि सिलिका पेशींत, पेशींच्या भिंतींत, पानाच्या वरच्या सालीत घट्ट होऊन बसते. कोकणात भाताच्या तुसाची राख दात घासायला वापरत, ती घासत असे याच सिलिकेमुळे. मेड्युसाहेडने हा साठा फारच वाढवला आहे. त्याच्या कोरड्या वजनात सिलिका १० टक्क्यांच्याही वर जाते. म्हणजे दहा किलो वाळलेल्या गवतात किलोभराहून जास्त खनिज. दातांनी चावून खाणाऱ्या प्राण्याविरुद्ध एका इवल्याशा गवताने उभारलेली ही तटबंदी आहे.

या तटबंदीचे परिणाम गवत मेल्यावरही संपत नाहीत. सिलिकेने भरलेली काडी लवकर कुजत नाही. साल उलटलं तरी वाळलेलं गवत जमिनीवर तसंच पडून राहतं आणि थरावर थर चढून त्याची जाड गादी तयार होते. त्या गादीखाली मूळच्या झाडोऱ्याची बी उजेडाला येऊ शकत नाही. मेड्युसाहेडची स्वतःची बी मात्र त्या गादीतच रुजू शकते. वर ही गादी म्हणजे पेटायला टपलेलं सरपण. सेजब्रश नावाच्या झुडपांची ती रानं पूर्वी क्वचित पेटत. आता गवताच्या गादीमुळे वणवे लवकर लवकर येतात, झुडपं जळून जातात, आणि त्या मोकळ्या जागेत वणव्यानंतर सर्वांत आधी पोचतं ते हेच गवत.

इतक्या विस्तीर्ण, उंचसखल मुलखात नांगर फिरवणं किंवा फवारणी करणं प्रत्येक ठिकाणी शक्य नसतं आणि परवडतही नाही. मग राहतं ते तोंड आणि चार पाय असलेलं, स्वतःहून डोंगर चढणारं जनावर. मेंढीने हे गवत खाल्लं तर? पण तिला खायला लावायचं कसं? इथून पुढे प्रश्न गवताचा राहत नाही, मेंढीच्या आवडीनिवडीचा होतो. आवड म्हणजे काय, ती कुठे ठरते, ती बदलता येते का, हे समजून घ्यावं लागतं.

हे समजून घेण्यात युटा स्टेट युनिव्हर्सिटीतल्या फ्रेड प्रोव्हेन्झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा वाटा फार मोठा आहे. तरुण संशोधक असताना प्रोव्हेन्झा दक्षिण युटाच्या वाळवंटी रानात शेळ्यांवर काम करत होते. तिथे ब्लॅकब्रश नावाचं काटेरी झुडूप होतं. शेळ्यांनी त्याची जुनी फांदी खुडावी म्हणजे नवे धुमारे फुटतील, आणि कोवळे, जास्त प्रथिनांचे धुमारे त्या आवडीने खातील, असा हिशेब होता. धुमारे फुटले. शेळ्यांनी ते नाकारले आणि जुनाट काटक्याच पसंत केल्या. पुढे कळलं की कोवळ्या धुमाऱ्यांत टॅनिन हे तुरट द्रव्य जास्त होतं आणि ते खाल्ल्यावर शेळ्यांना मळमळत असे. पुस्तकी पोषणमूल्य एक सांगत होतं, शेळीचं पोट दुसरं सांगत होतं, आणि खरं होतं ते पोटाचं.

त्याच रानात आणखी एक नवल घडलं. एका कुंपणातल्या शेळ्यांनी रानउंदरांची घरटी खायला सुरुवात केली. ही घरटी म्हणजे काटक्या-सालींचे ढीग. उंदरांच्या मुताने भिजून त्यांत नत्र मुरलेलं होतं. शेळीच्या पोटातले सूक्ष्मजीव त्या नत्रापासून प्रथिनं तयार करू शकतात. हिवाळ्यात या शेळ्यांचं वजन इतर गटांपेक्षा कमी घटलं. त्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं. कुठल्या तरी शेळीने तोंड लावलं, तिच्या शरीराला बरं वाटलं, आणि बाकीच्यांनी तिचं पाहिलं.

शरीराला बरं वाटणं हीच या साऱ्या गोष्टीची किल्ली आहे. मेंढी गवत खाते तेव्हा खरं जेवण तिच्या आत राहणारे जीव करतात. तिच्या पोटाच्या चार कप्प्यांपैकी पहिला आणि सर्वांत मोठा कप्पा म्हणजे कोटीपोट. तिथे असंख्य जिवाणू, आदिजीव आणि बुरशी गवताचा तंतू फोडतात. त्यातून जी मेदाम्लं तयार होतात ती कोटीपोटाच्या भिंतीतून रक्तात जातात, आणि मेंढीला लागणाऱ्या ऊर्जेचा मोठा भाग त्यांतून मिळतो. घास गिळल्यावर काही वेळातच ही रसद पोचते, किंवा पोचत नाही. जे घडलं त्याची खबर मेंदूला मिळते आणि मेंदू ती खबर त्या घासाच्या चवीशी, वासाशी बांधून ठेवतो. ऊर्जा मिळाली तर तो वास पुढच्या वेळी हवासा वाटतो. मळमळलं तर नकोसा वाटतो. चव जिभेवर कळते, पण आवड पोटात ठरते.

हे खरं आहे का, ते पारखायला प्रोव्हेन्झा आणि त्यांचे सहकारी हुआन विलाल्बा यांनी कोकरांना गव्हाचं काड खायला दिलं. काड म्हणजे जवळजवळ निःसत्त्व चारा. त्याला एका दिवशी एक वास लावला, दुसऱ्या दिवशी दुसरा. एका वासाच्या दिवशी कोकरांच्या कोटीपोटात नळीने थेट स्टार्च सोडलं, म्हणजे जिभेला त्याचा पत्ता नाही. काही दिवसांनी दोन्ही वासांचं काड समोर ठेवलं तेव्हा कोकरांनी स्टार्चशी जोडला गेलेला वास निवडला. काड तेच होतं. फरक होता तो पोटाने ठेवलेल्या आठवणीचा.

उलट बाजूचा प्रयोग आणखी चकित करणारा आहे. लिथियम क्लोराइड पोटात गेलं की मळमळतं. एखादं अन्न खाल्ल्यावर ते दिलं की मेंढी पुढे त्या अन्नाला तोंड लावत नाही. पण मेंढी विचार करून, “हे खाल्लं म्हणून मला त्रास झाला” असं मनाशी ठरवून ते टाळते का? मेंढ्यांना अन्न खाऊ घालून मग खोल भूल दिली आणि त्या बेशुद्ध असतानाच लिथियम क्लोराइड दिलं. शुद्धीवर आल्यावर त्यांनी ते अन्न टाळलं. मळमळ त्यांनी जागेपणी अनुभवलीही नव्हती. म्हणजे हे शिक्षण जाणिवेच्याही खाली, शरीराच्या आत आपोआप चालतं. पोट शिकत असतं आणि मेंढीला फक्त निकाल कळतो: हे नको.

आणि हे शहाणपण नकारापुरतं नाही. २००६ साली विलाल्बा, प्रोव्हेन्झा आणि त्यांच्या सहकाऱ्याने दाखवलं की मेंढ्या आपलं औषधही शिकतात. त्यांना जास्त धान्याने होणाऱ्या आम्लतेवर बेंटोनाइट माती, टॅनिनवर पॉलिएथिलीन ग्लायकॉल आणि ऑक्झॅलेटवर डायकॅल्शियम फॉस्फेट खाण्याचा अनुभव दिला. नंतर तिन्ही उतारे एकत्र समोर ठेवले. ज्या अन्नाने त्रास दिला होता, त्याच्या नेमक्या उताऱ्याकडे त्या जास्त वळल्या. कळपाने चालणारं, आपण ‘मेंढरू’ म्हणून हिणवतो ते जनावर स्वतःच्या दुखण्याचा आणि त्यावरच्या उपायाचा मेळ घालतं, हे वाचल्यावर तो शब्द शिवी म्हणून वापरताना जीभ अडखळायला हवी.

पण प्रत्येक कोकराला सगळं पहिल्यापासून स्वतःच चाखून शिकावं लागलं असतं तर रानातल्या विषारी पाल्याने कितीतरी कोकरं गेली असती. तसं होत नाही, कारण आई आहे. शिकणं दुधापासूनच सुरू होतं. कांद्याच्या किंवा लसणाच्या वासाचं दूध प्यायलेल्या कोकरांनी पुढे त्या वासाच्या चाऱ्याला पसंती दिली. दुधानंतर येते आईच्या तोंडाजवळची शाळा. आई जे खाते त्यात कोकरू नाक खुपसतं, आई जे टाळते ते तेही टाळतं. ऑस्ट्रेलियातल्या एका प्रयोगात कोकरांना आईसोबत थोडेच दिवस, रोज थोडा वेळ गहू खायला मिळाला. मध्ये गव्हाचा दाणाही न पाहता सुमारे तीन वर्षं गेली. त्यानंतर गहू पुढे ठेवला तेव्हा या मेंढ्यांनी, आईशिवाय गहू पाहिलेल्या मेंढ्यांपेक्षा तो कितीतरी जास्त खाल्ला. लहानपणी आईबरोबर घेतलेला घास आयुष्यभर ओळखीचा राहतो.

आता पुन्हा मेड्युसाहेडकडे येऊ. हा सगळा अभ्यास लक्षात घेतला तर मेंढीचा नकार म्हणजे हट्ट नाही, हे स्पष्ट होतं. तो निष्कर्ष आहे. सिलिकेच्या कवचामुळे सूक्ष्मजीवांना पानाच्या आतल्या गराशी पोचता येत नाही. गवत पोटात जागा अडवतं, रसद उशिरा आणि कमी पोचते. मेंढीच्या पोटाने हिशेब केला आहे आणि तो बरोबर आहे. प्रयोगशाळेत हेच गवत बारीक दळलं की कवच फुटतं आणि त्याचं पचन सुधारतं. म्हणून मेंढीला फसवून किंवा उपाशी ठेवून काम भागणार नाही. तिने निष्कर्ष बदलायला हवा असेल तर तिला वेगळा, खरा अनुभव द्यावा लागेल.

त्याचा पहिला मार्ग वेळेचा. कोवळ्या मेड्युसाहेडचं पोषण इतर हंगामी गवतांच्या तोडीचं असतं. वय वाढतं तशी सिलिका साठत जाते आणि ओंबी बाहेर आली की कुसळं येतात. मग कितीही शिकवलं तरी व्यर्थ. पण फार लवकर चारलं तर गवत पुन्हा फुटवे काढतं आणि ओंबी धरतंच. नेमका क्षण मधला आहे. गव्हाच्या शेतकऱ्याला तो ठाऊक आहे: पीक पोटरीत आलेलं असतं, ओंबी पानाच्या म्यानात फुगलेली असते पण बाहेर पडलेली नसते. याच वेळी खुडलं तर गवताकडे पुन्हा उभं राहायला ना ओल उरते ना दिवस. जोसेफ डिटोमासो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे पारखण्यासाठी कॅलिफोर्नियात मेंढ्यांवर केलेला प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. मार्चमधली चराई निष्फळ ठरली, शरदातलीही निष्फळ ठरली. एप्रिल-मेमध्ये, पोटरीच्या वेळी केलेल्या चराईने मात्र न चारलेल्या तुकड्यांच्या तुलनेत मेड्युसाहेडचं आच्छादन ८६ ते १०० टक्क्यांनी घटलं. त्याच तुकड्यांत मूळच्या रानफुलांच्या जाती वाढल्या. मेंढ्या त्याच, रान तेच. बदलले होते फक्त चराईचे आठवडे.

दुसरा मार्ग दाटीचा. मोठ्या रानात थोड्या मेंढ्या सोडल्या तर त्या निवडून खातात आणि नावडतं मागे राहतं. त्याच मेंढ्या छोट्या तुकड्यात थोड्या दिवसांसाठी दाटीने ठेवल्या की निवडीला वाव उरत नाही. शेजारीण खाते म्हणून हीही तोंड घालते. जे तोंडात जात नाही ते खुरांखाली तुडवलं जातं आणि ती न कुजणारी गादी मोडते. डिटोमासोंच्या प्रयोगाच्या यशालाही अशी थोड्या दिवसांची दाटी आवश्यक होती.

तिसरा मार्ग जोडीच्या अन्नाचा. रिकाम्या पोटी निकृष्ट चारा नीट पचत नाही, कारण तो फोडणाऱ्या सूक्ष्मजीवांनाच नत्र आणि ऊर्जा हवी असते. युटामध्ये विलाल्बा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंढ्यांना मेड्युसाहेडबरोबर प्रथिनांचा किंवा ऊर्जेचा खुराक देऊन, आयांना आणि कोकरांना एकत्र चारून, काय फरक पडतो ते तपासलं. खुराक म्हणजे जादूची कांडी नव्हे. सिलिकेची भिंत त्याने पडत नाही. पण सूक्ष्मजीव धडधाकट असले तर त्या भिंतीपुढे त्यांचं थोडं अधिक चालतं, आणि ज्या कोकराची पहिली ओळख आईच्या सोबतीने, भरल्या पोटी झाली त्याला ते गवत परकं राहत नाही.

या मार्गांना एक निसर्गदत्त सवलतही आहे. मेड्युसाहेडचं बियाणं जमिनीत दीर्घकाळ टिकत नाही. बरीचशी बी एक-दोन वर्षांत संपते. सलग काही वसंत ओंबी पडू दिली नाही तर जमिनीतलं भांडवल आटतं. मात्र मोकळी झालेली जागा रिकामी ठेवून चालत नाही. तिथे मूळची बहुवर्षायू गवतं पुन्हा उभी राहिली तरच विजय टिकतो. मेंढी दार उघडून देते. आत कुणी यायचं, ते माणसाला पाहावं लागतं.

हे सगळं शास्त्र वाचताना एक गोष्ट मनात ठसते. दक्षिण फ्रान्समधले मेंढपाळ यातलं बरंच काही आधीच करत होते. मिशेल मरे या संशोधकाने त्यांच्या चराईचा बारकाईने अभ्यास केला. हे मेंढपाळ दिवसाची वाट ताटासारखी वाढतात, असं त्याला दिसलं. आधी भूक चाळवणारा तुकडा, मग मुख्य चारा, मध्येच पुन्हा रुची आणणारं काही, त्या जोमावर जाडाभरडा पाला, आणि शेवटी गोडसर काहीतरी. एरवी मेंढ्यांनी टाकून दिलेली झुडपं या क्रमाने खाल्ली जातात. एका वनस्पतीची चव आधीच्या घासावर अवलंबून असते, हे त्या मेंढपाळांना कळपामागे चालून कळलं होतं.

आपल्याकडे धनगरांचे कळप दिवाळीच्या आगेमागे घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाळ्याआधी देशावर परततात. दख्खनी मेंढीचं कोकरू आईमागे या वाटेवर चालतं तेव्हा, वरच्या प्रयोगांवरून पाहता, ते फक्त वाट शिकत नाही. कुठल्या झाडाची शेंग कधी खावी, कुठला पाला किती खाऊन थांबावं, कुसळी कोवळी असताना गोड असते आणि कुसळं आल्यावर वैरी होते, हे सारं त्याच्या शरीरात उतरत जातं. अमेरिकेतल्या अभ्यासांनी दाखवलं आहे की ओळखीच्या रानातून उचलून परक्या रानात सोडलेली जनावरं कमी खातात, जास्त भटकतात आणि विषारी वनस्पतींना अधिक बळी पडतात. कळपाचं ज्ञान जनुकांत सबंध साठवलेलं नसतं. ते आईच्या तोंडातून कोकराच्या तोंडात जात असतं आणि एखादी पिढी खंडली की हरवतं.

म्हणून धनगरांचा एखादा वाडा मोडतो, कळप विकला जातो, चराईची वाट कुंपणाने तुटते, तेव्हा नुकसानीच्या हिशेबात मेंढ्यांची संख्या लिहून भागत नाही. त्या रानात जगायचं कसं हे जाणणारी एक शिकलेली पिढीही त्यात गेलेली असते. अमेरिकेत शास्त्रज्ञ आज एका गवतापुरतं ते शिक्षण मोठ्या कष्टाने, शून्यापासून पुन्हा उभं करत आहेत. ज्या समाजाकडे ते अजून चालतं-फिरतं, जिवंत आहे, त्याने ते जपायला हवं. उद्या आपल्या माळांवर असंच एखादं परकं गवत माजलं, तर त्याच्यावरचा उपाय शोधायला सर्वांत आधी लागेल ती रान ओळखणारी मेंढी आणि तिला ओळखणारा मेंढपाळ.